सासऱ्यांचा ऑटोपायलट

अनंत परुळेकरने ठरवलं ते एवढंच, की टेक्निशियनची वाट बघत बसायचं नाही. दोन वायर तर जोडायच्या होत्या! दोन वायर जोडायला लागतं काय? एक स्क्रूड्रायव्हर, एक काळी टेप आणि एक रविवार. तिन्ही त्याच्याकडे होती. काय नव्हतं ते मी कशाला सांगू, त्याची बायको अक्षता गेली बावीस वर्षं सांगतेच आहे.

तसा अनंत घाटकोपरला एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होता. लोकांची नुकसानभरपाई नाकारणं ही त्याची नोकरी आणि घरात नुकसान करणं हा छंद. (सोसायटीचा इंटरकॉम त्यानेच दुरुस्त केला. तेव्हापासून कोणीही कोणालाही फोन लावला तरी तो पहिल्या मजल्यावरच्या शांताबाईंकडे वाजतो. त्या बिचाऱ्या जिने चढून सगळ्यांचे निरोप पोचवतात.) पण या वेळी गोष्ट इंटरकॉमची नव्हती. गोष्ट सासऱ्यांची होती, आणि सासरे चालले होते.

अंबादास तोरसकर, वय एकोणऐंशी, मूळचे देवगडकडचे. एकतीस वर्षं बंदरात सर्व्हेच्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच हाकणारे, होते. रिटायर झाले तेव्हा खात्याने एक जुनी लाँच लिलावात काढली. लोक रिटायर झाल्यावर गावी घर बांधतात, यांनी ती लाँच घेतली, तिला बायकोचं नाव दिलं, जानकी, आणि वर्सोव्याच्या खाडीत नांगरून ठेवली. खरी जानकी नऊ वर्षांपूर्वी गेली. तिच्या अस्थी अंबादासनी स्वतः लाँच हाकत किनाऱ्यापासून सात मैल आत नेऊन सोडल्या, आणि ती जागा अक्षांश-रेखांशासकट डायरीत लिहून ठेवली. त्यानंतर दर वर्षी तिच्या तिथीला ते त्या जागी जाऊन यायचे. गेली दोन वर्षं ते जमलं नव्हतं. काचबिंदूने डोळे नेले होते आणि हात इतके थरथरायचे की चहा बशीत जास्त आणि कपात कमी.

आणि आता फुप्फुसं. अंधेरीच्या डॉक्टरने मुलगी-जावयाला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगायचं ठरवलं होतं, पण अंबादासनी त्याला पलंगावरूनच हटकलं.

"डॉक्टर, किती?"

"आजोबा, तुम्ही काळजी करू नका."

"काळजी तुमी करा. माका तारीख सांगा."

डॉक्टरने तारीख सांगितली नाही, पण महिना-दीड महिना म्हणाला. घरी आल्यावर अंबादासनी जाहीर केलं की एकदा जानकीला भेटून यायचं, मग पुढचं पुढे. अक्षता म्हणाली, कोळीवाड्यातला एखादा तांडेल घेऊ, तो सुकाणू धरेल. झालं! म्हातारा पेटला.

"तिच्याकडे जाताना मधी परको माणूस नको."

"आणि मी?" अनंतने भीत भीत विचारलं.

"तुमी परके नाय. तुमी जावय."

बावीस वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात गोड वाक्य. अनंत ते तीन दिवस ऑफिसात मनातल्या मनात चघळत होता. त्या तिसऱ्या दिवशीच त्याने ठरवलं की आपणच करायचं.

काय करायचं, ते सांगतो. लाँचवर एक जुना ऑटोपायलट होता. सुकाणूच्या चाकाला मोटर, मोटरला एक करडा खोका. त्या खोक्याला दिशा सांगितली की तो त्या दिशेने बोट नेत राही, कोणी चाकाला हात लावायला नको. पण त्याला नुसती दिशा कळायची, जागा कळायची नाही. जागा कळायला अक्षताने एक नवा नकाशाचा स्क्रीन मागवला. त्यात डायरीतले आकडे घालायचे, स्क्रीन जुन्या खोक्याला सांगेल, खोका चाक फिरवेल आणि बोट जानकीकडे. इंजिनाचा वेग अंबादास आवाजावरून सांभाळणार, डोळे अनंतचे. परका माणूस कुठेच नाही. राहिलं ते नव्या स्क्रीनचं आणि जुन्या खोक्याचं बोलणं जुळवून देणं. कंपनीचा टेक्निशियन म्हणाला, पंचवीस दिवसांनी येतो. पंचवीस दिवस! डॉक्टरने महिना सांगितला होता. म्हणून म्हटलं, अनंतचं चुकलं ते चुकलं, पण त्याची बाजूही आपण लक्षात घ्यायला हवी.

पहिल्या रविवारी त्याने चाकाखालची फळी उघडली. आत वायरींचं जंगल. कधीकाळी त्या लाल, हिरव्या, निळ्या असतील, आता सगळ्यांनी एकमताने मळकट रंग घेतला होता. अनंतने शहाणपणाने सोडवण्याआधी फोटो काढला. (घरी येऊन बघतो तर फोटोत वायरी कमी आणि त्याचा अंगठा जास्त.) नव्या स्क्रीनची केबल गोल पिनांची, जुन्या खोक्याला नुसती उघडी तांब्याची टोकं. मग दोघांच्या मधे बसवायचा दुभाष्या आणायला लॅमिंग्टन रोडची एक फेरी. तो जोडला. स्क्रीनवर अख्खा अरबी समुद्र झळकला. जुन्या खोक्यावर मात्र नुसत्या आडव्या रेघा.

अंबादास त्या दिवशी काठी टेकत धक्क्यापर्यंत आले होते. "काय म्हणता पायलट?" त्यांनी वरून विचारलं.

"विचार करतोय, बाबा."

"विचार तेका करूक देव नका. तुमीच करा."

अनंतचा मित्र हर्षद अंधेरीच्या एमआयडीसीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. अनंतने त्याला फोन लावला.

"अरे, दोन वायर उलट्या जोडल्या असशील. अदलाबदल करून बघ," हर्षद म्हणाला.

दुसऱ्या रविवारी अनंतने अदलाबदल केली. फक्त नेमक्या कुठल्या दोन, हे हर्षदने सांगितलं नव्हतं. लाँचचा भोंगा सुरू झाला. सुरू झाला तो झालाच. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी आधी कानावर हात ठेवले, मग कमरेवर ठेवले.

"ए दादा, कोन मेला काय?" त्यांतली एक ओरडली.

अनंतने बॅटरीची वायर हिसकली तेव्हा भोंगा थांबला. वरती रिक्षात बसलेले अंबादास खोकत खोकत हसत होते. या रविवारी त्यांना धक्क्यापर्यंत चालता आलं नव्हतं. हसून हसून त्यांना इतकी धाप लागली की अक्षताने रिक्षा तशीच घरी वळवली. जाताना तिने नवऱ्याकडे जे बघितलं ते अनंतला रात्रभर पुरलं.

"अनंत, तुला जमत नसेल तर सांग ना रे," ती घरी म्हणाली. "मी बाबांच्या पाया पडेन, त्यांना तांडेलासाठी तयार करेन. पण असं करू नकोस. दिवस संपतायत यार."

"जमेल गं."

"तू इंटरकॉमच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

 त्याने दिवा मालवला. पण खरं सांगायचं तर, माणूस आपल्यावर विसंबून मरायला थांबलाय, ही गोष्ट झोप लागू देत नाही.

शेवटी हर्षदनेच फोनवर कोडं सोडवलं. नवा स्क्रीन भराभर बोलतो आणि जुन्या खोक्याला सावकाश सांगितलेलंच कळतं. तेव्हा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा बोलण्याचा वेग कमी कर. अनंतने वेग कमी केला. आडव्या रेघा गेल्या, आकडे आले. झकास! अनंत तिथेच उडी मारायला गेला आणि केबिनचं छप्पर डोक्याला लागलं.

"आणि कंपास ठीक आहे ना?" हर्षदने विचारलं. "जुन्या पायलटचा स्वतःचा असतो."

"आहे की. समोरच आहे, काचेचा. मस्त हलतोय."

आता हा जो समोर काचेचा होता, तो माणसांनी बघायचा. पायलटचा स्वतःचा कंपास होता खाली, झोपायच्या फळीखाली, झाकण लावलेला एक गोल डबा, त्याची एकुलती वायर पाठीमागून आलेली, म्हणून न दिसणारी. अनंतला वाटलं, पूर्वी कोणी तंबाखूबिंबाखू ठेवत असेल त्यात.

शनिवार ठरला. अक्षताला रडू आलं, तिने आनंदाने अनंतचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आता एकच कर. दृष्ट लागायला नको. एक नाल आणून ठोक बोटीला."

काळ्या घोड्याची, त्याच्या पायातून निघालेली, वापरलेली नाल. नवी चालत नाही. घराच्या उंबऱ्याला ठोकतात, ट्रकला ठोकतात, लाँचला का नको? अनंतचा यावर विश्वास होता असं नाही, पण बायकोने दोन आठवड्यांत पहिल्यांदा हात धरले होते. जुहूच्या चौपाटीवर मुलांना घोड्यावरून फिरवणाऱ्याकडून त्याने एक भलीथोरली नाल मिळवली, तळहाताएवढी, जाड, घासून चकचकीत झालेली. घोडेवाल्याने ती ठेवली होती एका जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटवून, हरवू नये म्हणून. किती महिने, देव जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी अनंत हातोडी घेऊन लाँचवर गेला. पंधरा दिवसांत तो एक गोष्ट शिकला होता, की वायर असेल तिथे खिळा मारायचा नाही. सगळी बोट त्याने टॉर्चने तपासली. जिकडे तिकडे वायरी. फक्त फळीखाली, त्या तंबाखूच्या डब्याला खेटून, एक हातभर जागा अगदी मोकळी होती. तिथे त्याने नाल ठोकली, हळदकुंकू लावलं आणि मनापासून हात जोडले. तुम्हाला कळलं, त्याला कळलं नाही.

शनिवारी सकाळी अंबादासना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून अनंतने आणि वॉचमनने खाली आणलं. डोक्याला माकडटोपी, नाकाला नळी, बाजूला पिशवीत मावणारं ऑक्सिजनचं सिलिंडर. ते दोन तास पुरणार होतं. मांडीवर पुडीत अबोलीची वेणी. लाँचवर चढवताना अनंतच्या लक्षात आलं की सासऱ्यांना उचलायला आता जोर लागत नाही. त्याला भडभडून आलं, पण दोन्ही हात गुंतलेले, डोळे कोण पुसणार?

खाडीतून बाहेर पडणं ठीक झालं. अनंत पुढे उभा राहून ओरडे, "बाबा, उजवीकडे! बाबा, जरा डावीकडे!" आणि अंबादास थरथरत्या हातांनी चाक फिरवत. उघडा समुद्र आला. पाणी शांत होतं. अनंतने डायरीतले आकडे घातलेलेच होते, त्याने करड्या खोक्याचं बटण दाबलं. मोटर घुरघुरली. चाक आपोआप फिरलं. अंबादासनी हात काढून मांडीवर ठेवले आणि समाधानाने डोळे मिटले.

चाक फिरलं आणि फिरतच राहिलं. लाँचने पश्चिमेकडे तोंड केलं, मग दक्षिणेकडे, मग वर्सोव्याकडे, मग उत्तरेकडे आणि परत पश्चिमेकडे. त्या डब्यातल्या कंपासला शेजारची नाल सोडून जगात दुसरं काही दिसत नव्हतं. बोट कशीही वळली तरी तो खोक्याला एकच दिशा सांगायचा, आणि खोका म्हणायचा, अजून वळलो नाही वाटतं, आणखी वळतो. अनंतने बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच.

"जावयबापू," अंबादास डोळे न उघडता म्हणाले, "सूर्य आज फिराक लागलो काय?"

"का हो बाबा?"

"मगाशी मानेर होतो. मग ह्या गालार इलो. आता त्या गालार इलो."

"ढग आहेत, बाबा." (आकाशात औषधालाही ढग नव्हता.)

अनंतने पायलट बंद करून स्वतः चाक धरलं. स्क्रीनवर सरळ रेघ होती आणि त्यावर त्यांची बोट दारू प्यायल्यासारखी इकडून तिकडे. दहा मिनिटांत त्याला मळमळायला लागलं, पंधराव्या मिनिटाला त्याने बाजूच्या कठड्यावरून सकाळचे पोहे समुद्राला दिले. तेवढ्यात चाक सुटलं आणि बोट परत उलटी वळली. पुन्हा पायलट लावला, पुन्हा गोल. तास गेला. स्क्रीन सांगत होता, जागा अजून साडेपाच मैल. अक्षताने सिलिंडरचा काटा बघितला आणि अनंतला दाखवला. तो अर्ध्याच्या खाली होता. परत जायलाही ऑक्सिजन लागणारच होता.

"वाट लागली," अनंत ओठातल्या ओठात म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अनंतने म्हाताऱ्याकडे नजरेनेच खूण केली. अक्षताने आधी मान हलवून नाही म्हटलं. मग बापाच्या निळसर नखांकडे बघितलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. तो होकारच होता.

अनंतने इंजिन बारीक केलं. घसा खाकरला.

"बाबा, पोचलो."

"पोचलो?"

"हो. हीच जागा."

 अंबादासनी माकडटोपी काढली, कठडा चाचपला आणि पुडी सोडून वेणी पाण्यात टाकली. अनंतला वाटलं, देवा, सुटलो. आणि म्हातारा बोलायला लागला. हळू नाही, चांगला खणखणीत. बायकोला ऐकायला जरा कमी यायचं, त्या सवयीने.

"गो जानकी, मी इलंय. पण तुझ्यापर्यंत पोचाक नाय गो. तुझो जावय मगासपासना गोल गोल फिरवता हा. बोंबलांचो वास येता हा, म्हणजे आमी अजून वर्सोव्याच्या तोंडाकच. तेका मी काय बोलाक नाय. बिचारो घामाघूम झालो असतलो, ओकलोसुद्धा. वेणी टाकलंय, पाणी ती आणीत तुझ्याकडे. पुढच्या शनवारी परत येतंय."

मग टोपी घालून ते खुर्चीत नीट बसले. "चला जावयबापू, घराक चला."

अनंत एवढा मोठा माणूस, चाक धरून हुंदके देत होता. आयुष्यात त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. परत येताना लाँचवर बोलणं झालं ते "बाबा, उजवीकडे" एवढंच, तेही रडक्या आवाजात.

सोमवारी त्याने रजा टाकून हर्षदला लाँचवर आणलं. हर्षदने फळी उचलली, टॉर्च मारला आणि तसाच बसून राहिला.

"ही नाल कोणी ठोकली?"

"मी. का?"

"आणि ती ठोकायला अख्ख्या समुद्रात तुला कंपासच सापडला?"

चार मिनिटं लागली. नाल काढली आणि खोक्यावरचा आकडा शहाण्यासारखा हलायला लागला. अनंत धावत घरी गेला, सासऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, फॉल्ट सापडला. शनिवारी नक्की." अंबादासना आता बोलायला त्रास होत होता. त्यांनी अनंतच्या गालावर हात फिरवला, म्हणाले, "शनवारी," आणि हसले. पण शनिवारपर्यंत त्यांना थांबता आलं नाही. गुरुवारी दुपारी, अक्षता पेज भरवत असताना, ते गेले.

रविवारी लाँच पुन्हा निघाली. अक्षता, अनंत, आणि या वेळी हर्षदही. खुर्ची होती तिथेच होती, तिच्यावर तांबड्या फडक्यात बांधलेला कलश. खाडीबाहेर आल्यावर अनंतने बटण दाबलं. मोटर घुरघुरली, चाक जरासं फिरलं आणि थांबलं. लाँच पश्चिमेकडे निघाली ती पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी. एक मैल, दोन मैल, पाच मैल. कोणी चाकाला हात लावला नाही. अनंतला तेवढ्यातही वाटून गेलं, की बाबा असते तर म्हणाले असते, सूर्य आज जागेवर हा. मग त्याने कलश उचलून छातीशी धरला. किती हलका होता तो!

सातव्या मैलाला स्क्रीन टिंग वाजला. हर्षदने इंजिन बारीक केलं.

"अक्षता, पोचलो," अनंत म्हणाला.

अक्षताने त्याच्याकडे बघितलं. मग पर्समधून बापाची डायरी काढली आणि हर्षदच्या हातात दिली.

"भावजी, जरा तुम्ही बघा."

हर्षद स्क्रीनसमोर बसला. डायरीतला एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, त्यावर बोट ठेवायचं, मग स्क्रीनवर बघायचं, असं त्याने दोनदा केलं. तोपर्यंत अनंत कलश धरून, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखा, खाली मान घालून उभा होता.

"वहिनी, हीच जागा," हर्षद म्हणाला. "असलाच तर पाच-सहा मीटरचा फरक असेल."

"तेवढं बाबा पोहत जातील," अक्षता डोळे पुसत म्हणाली आणि तिने अनंतच्या हातातून कलश घेतला. "याच्यावर सोडलं असतं तर वर्सोव्यापासून पोहावं लागलं असतं."